मंगळावरचं लोखंड गंजतं का?

बेळगावात ज्या घरातला माणूस फौंड्रीत कामाला आहे, त्या घरात पावसाळा लागला की एक शब्द रोज ऐकू येतो. तो शब्द म्हणजे गंज. माझे बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत शॉट ब्लास्टिंगला आहेत. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवर चिकटलेली वाळू आणि काळी साय पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने उडवायची, तुकडा चांदीसारखा लखलखीत करायचा आणि लगेच तेल मारून ठेवायचा, हे त्यांचं काम. जून ते सप्टेंबर त्यांच्या बोटांना कायम त्या तेलाचा वास असतो.

गेल्या जुलैत एक अख्खा लॉट परत आला. पंपांच्या घरांचे तुकडे होते, सगळ्यांवर तांबूस गंज. घेणाऱ्यांचं म्हणणं असं की माल गंजलेलाच पाठवला. दोष आला बाबांच्या खात्यावर. घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा एक तुकडा हातात घेऊन मालकांसमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, गंज कुठं आहे ते बघा." गंज होता तो वरच्या कडांवर. खोबणींमध्ये, जिथे तेल साचून राहतं, तिथे लोखंड स्वच्छ होतं. तेल मारण्याआधी गंज चढला असता तर तो खोबणीतही तेलाखाली दिसला असता. म्हणजे तुकडे इथून साफ निघाले आणि वाटेत भिजले. ताडपत्री कुठेतरी फाटकी होती. शेवटी नुकसान दोघांत वाटून घेतलं गेलं, पण बाबांच्या खात्यावरचा डाग गेला.

हे सगळं मी वाङ्मय मंडळाच्या अंकात का सांगते आहे, असं तुम्ही म्हणाल. सांगते. ऑगस्टमध्ये मी आमच्या वर्गाच्या सेमिनारसाठी मंगळावरच्या अशनींची माहिती वाचत होते. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. सेमिनार इंग्रजीत द्यायचा होता. मोबाईलवर एका अशनीचा फोटो उघडा होता. बाबा जेवून उठले, त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठलं कास्टिंग गं?" मी म्हटलं, "मंगळावरचं." ते हसले. मग फोटो मोठा करून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आमच्या लॉटच्या उलट आहे बघ. खोबणीत गंज आहे आणि उंचवटे साफ. म्हणजे आधी गंजलं आणि मागनं कुणीतरी ब्लास्टिंग केलंय."

मी त्या दिवशी सकाळपासून जो शोधनिबंध समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, त्याचा मुख्य निष्कर्ष जवळजवळ हाच होता. तेव्हाच ठरवलं की सेमिनार झाला की हे मराठीत लिहायचं.

अशनी म्हणजे काय, आणि तो मंगळावर सापडला कसा

आकाशात क्षणभर चमकून जाते ती उल्का. तिच्यातला जो भाग जळून न जाता जमिनीपर्यंत पोचतो, तो अशनी. बहुतेक अशनी दगडी असतात, थोडे लोखंड-निकेलचे असतात आणि काही दगड व धातू यांचं मिश्रण असतात. पृथ्वीवर पडतात तसे ते मंगळावरही पडतात. पण ते तिथे पडलेले पाहायला कुणी नव्हतं.

२५ जानेवारी २००४ रोजी नासाचा 'अपॉर्च्युनिटी' हा रोव्हर मंगळाच्या विषुववृत्ताजवळच्या 'मेरिडियानी प्लेनम' नावाच्या सपाट मैदानावर उतरला. सुमारे वर्षभराने, जानेवारी २००५ मध्ये, तो स्वतःच्याच उष्णतारोधक कवचाचे तुकडे तपासायला गेला. उतरताना यानाने टाकून दिलेलं ते कवच मैदानात आपटून फुटलं होतं. त्याच्या शेजारीच बास्केटबॉलएवढा एक खड्डेखड्डे पडलेला दगड होता. रोव्हरच्या उपकरणांनी तपासलं तर तो दगड नव्हताच. सुमारे ९३ टक्के लोखंड आणि ७ टक्के निकेल. दुसऱ्या ग्रहावर ओळखला गेलेला हा पहिला अशनी. त्याचं टोपणनाव पडलं 'हीट शील्ड रॉक'.

पुढे जुलै २००९ मध्ये रोव्हर पुढे निघून गेल्यावर मागे काढलेल्या फोटोत एक काळा ठोकळा दिसला, म्हणून तो वळून परत आला. हा 'ब्लॉक आयलंड'. लांबी ६० सेंटीमीटरच्या आसपास आणि वजन अंदाजे अर्धा टन. बाबांनी पाहिला तो फोटो याचाच. त्यानंतर 'शेल्टर आयलंड', 'मॅकिनॅक आयलंड' असे आणखी लोखंडी अशनी सापडले. २०१४ मध्ये 'क्युरिऑसिटी' या दुसऱ्या रोव्हरला गेल विवरात 'लेबनॉन' नावाचा सुमारे दोन मीटर रुंदीचा लोखंडी अशनी दिसला.

झीज कशी होते

आपण शाळेच्या भूगोलात 'विदारण' शिकलो. खडक जागच्या जागी कमजोर होतो, फुटतो, त्याचं रूप बदलतं, ते विदारण. त्याचे तीन प्रकार आपण पाठ केले होते: कायिक, रासायनिक आणि जैविक. मंगळावर जीवसृष्टी सापडलेली नाही, म्हणून जैविक बाजूला ठेवू. उरले दोन.

आधी रासायनिक. लोखंडाला गंजायला दोन गोष्टी लागतात, ऑक्सिजन आणि पाणी. बेळगावच्या जुलैत दोन्ही फुकट मिळतात. क्षार असतील तर काम आणखी झटपट होतं. गोव्यात समुद्राकाठी ज्यांचं घर आहे त्यांना खिडकीच्या गजांकडे पाहून हे सांगायची गरज नाही. दगडी अशनीतही धातूचे बारीक कण असतात. पृथ्वीवर आधी ते गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे दगडाला आतून भेगा पडतात, भेगांतून आणखी पाणी शिरतं आणि शेवटी दगड फुटतो. भिंतीतली सळई गंजली की वरचं काँक्रीट फुगून पडतं, तसंच हे.

आता मंगळ. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन अगदी नाममात्र. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. विषुववृत्ताजवळ दुपारी ते कधी कधी शून्याच्या वर जातं, पण एवढ्या कमी दाबात उघड्यावरचं पाणी टिकत नाही. गोठतं तरी किंवा वाफ होऊन उडून जातं. थोडं दवबर्फ, थोडी आर्द्रता, मातीतल्या क्षारांनी ओढून घेतलेला ओलावा, एवढंच काय ते गंजाचं भांडवल.

मग बाबांचा पुढचा प्रश्न आला, आणि तो योग्यच होता: "एवढं कोरडं आहे तर मंगळ लाल कशाने? तो गंजच ना?" होय, ती लाली लोखंडाच्या ऑक्साइडच्या बारीक धुळीचीच आहे. पण मंगळ नेहमी असा कोरडा नव्हता. तीन अब्ज वर्षांपूर्वी आणि त्याआधी तिथे वाहतं पाणी होतं, तळी होती, याचे पुरावे रोव्हरनी गोळा केले आहेत. मेरिडियानीच्या खडकांतही जुन्या ओलाव्याच्या खुणा आहेत. म्हणून मंगळाचा मूळ खडक पाहून 'आता, अलीकडे पाणी होतं का' हे सांगणं अवघड जातं. त्याच्यावर जुने आणि नवे सगळे डाग एकावर एक बसलेले असतात.

अशनीचं तसं नाही. तो नंतर आलेला पाहुणा आहे. येताना तो कसा होता हे आपल्याला चांगलं माहीत असतं, कारण तशाच जातीचे अशनी पृथ्वीवरच्या संग्रहालयांत आहेत. त्याच्यावर जो बदल दिसेल तो पडल्यानंतरचा. फौंड्रीत प्रत्येक ओतणीबरोबर एक टेस्ट बार ओततात आणि त्याच्यावरून सगळ्या मालाची परीक्षा होते. मंगळाच्या हवामानाचा टेस्ट बार म्हणजे हा अशनी. तो कुणी मुद्दाम ठेवलेला नाही, आपोआप पडलेला आहे, एवढाच फरक.

वाऱ्याचं ब्लास्टिंग

आता कायिक विदारण. मंगळाची हवा विरळ, म्हणून वाळूचा कण उचलायला तिथे पृथ्वीपेक्षा जोराचा वारा लागतो. पण गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच, त्यामुळे एकदा उडालेला कण लांब लांब उड्या मारत जातो आणि आडव्या आलेल्या वस्तूवर आपटतो. बाबांच्या यंत्रात जे काम काही मिनिटांत होतं, ते इथे लाखो वर्षं चालू राहतं.

याचा एक सुंदर पुरावा ब्लॉक आयलंडवर आहे. लोखंडी अशनीत लोखंड-निकेलचे दोन प्रकारचे स्फटिक असतात. एकात निकेल कमी, दुसऱ्यात जास्त. एखाद्या लघुग्रहाच्या पोटात धातू लाखो वर्षं अतिशय सावकाश थंड झाला की हे स्फटिक पट्ट्यापट्ट्यांनी एकमेकांत गुंफतात आणि त्रिकोण-चौकोनांची एक जाळी तयार होते. व्हिएन्नाच्या अलोइस फॉन विडमानश्टेटन यांनी ती १८०८ साली पाहिली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. कुठल्याही भट्टीत ही जाळी बनवता येत नाही. तेवढा वेळ कुणाकडे नसतो. पृथ्वीवर ती दिसण्यासाठी अशनी कापून, घासून, त्यावर आम्ल लावावं लागतं. आम्ल कमी निकेलचा भाग जास्त खातं आणि नक्षी वर येते. ब्लॉक आयलंडवर ही नक्षी रोव्हरच्या जवळून काढलेल्या फोटोंत तशीच दिसली. तिथे कापणारं कुणी नव्हतं. वाळूच्या माऱ्याने मऊ भाग आधी झिजला आणि कठीण पट्ट्या उंच राहिल्या.

मोठी भोकं आणि गुहांसारखे पोकळ भाग कसे झाले, याबद्दल मात्र एकमत नाही. हवेतून येताना पृष्ठभाग वितळून खळगे पडतात, हे पृथ्वीवरच्या अशनींतही दिसतं. काही अशनींत धातूत जडवलेले हिरवट ऑलिव्हिनचे स्फटिक असतात. ते आधी झिजून गेले तर त्यांच्या जागी पोकळ्या राहतील. लेबनॉनबद्दल ही एक शक्यता मांडली गेली. मॅकिनॅक आयलंड तर आतून पिंजऱ्यासारखा पोकळ आहे, आणि त्यासाठी आम्लधर्मी ओलाव्याने आतून खाल्लं असेल, असाही विचार झाला आहे.

खोबणीतला गंज

आता बाबांच्या वाक्याकडे परत येऊ. ब्लॉक आयलंड आणि त्याच्या शेजारच्या अशनींवर लोखंडाच्या ऑक्साइडचा एक पातळ थर आहे, पण तो सलग नाही. वाऱ्यापासून आडोसा मिळणाऱ्या खाचाखळग्यांत तो टिकून आहे. उंचवट्यांवरून खरवडून गेलेला आहे. जेम्स अ‍ॅशली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर सविस्तर निबंध लिहिला. हवेतून जळत येताना अशनीवर जी काळी साल चढते, ती ही नव्हे. हा थर अशनी मंगळावर पडल्यानंतर तयार झाला, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे क्रम असा लागतो. अशनी पडला. त्यानंतर केव्हातरी त्याला ओलावा मिळाला आणि तो गंजला. मग वाऱ्याने तो गंज काढायला सुरुवात केली, आणि आज काढणं हे चढण्यापेक्षा जास्त वेगाने चालू आहे. नाहीतर उंचवटेही तांबूस दिसले असते.

ओलावा आला कुठून? मंगळाचा अक्ष सध्या सुमारे २५ अंश कललेला आहे, जवळजवळ पृथ्वीसारखाच. पण आपल्याला चंद्राचा आधार आहे, म्हणून आपला कल फारसा बदलत नाही. मंगळाचे दोन्ही चंद्र अगदी छोटे. त्याचा कल लाखो वर्षांच्या फेऱ्यांत खूप डोलतो. कल वाढला की ध्रुवांवरचं बर्फ उडतं आणि विषुववृत्ताच्या बाजूला येऊन बसतं. अशा काळात बर्फाखाली किंवा ओलसर वाळूखाली दबलेल्या लोखंडावर पाण्याची अगदी पातळ पापुद्र्याएवढी फिल्म आली असेल, तर गंजासाठी तेवढं पुरे. पुढे वाळू सरकली, अशनी उघडा पडला आणि ब्लास्टिंग सुरू झालं.

किती सावकाश?

गंज आहे हे कळलं, पण वेग किती? यासाठी लोखंडी अशनींपेक्षा दगडी अशनी जास्त उपयोगी ठरले. अपॉर्च्युनिटीला ७५० मीटर रुंदीच्या व्हिक्टोरिया विवराच्या परिसरात आणि वाटेवर असे काही छोटे दगड सापडले. रोव्हरवर जर्मनीत बनवलेलं मॉसबावर वर्णपटमापक होतं. दगडातलं लोखंड किती धातूच्या रूपात आहे आणि किती ऑक्सिडीकरण झालेलं आहे, हे ते सांगतं. सोप्या भाषेत, ते गंज मोजण्याचं यंत्र.

ख्रिश्चन श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या मोजमापांवरून हिशेब मांडला. दगड किती गंजले ते यंत्राने सांगितलं. ते जास्तीत जास्त किती काळ तिथे असतील ते व्हिक्टोरिया विवराच्या वयावरून आणि कमीत कमी किती ते त्यांच्या झिजेवरून ठरवलं. उत्तर असं आलं: पृथ्वीवर अशनी सगळ्यात सावकाश गंजतात ते अंटार्क्टिकात, आणि मंगळावरचा वेग त्याच्याही दहापट ते दहा हजारपट कमी आहे. म्हणजे अंटार्क्टिकात ज्या बदलाला एक हजार वर्षं लागतील, त्याला मंगळावर दहा हजार ते एक कोटी वर्षं लागतील. दोन आकड्यांतलं अंतर फार मोठं आहे खरं, पण त्यातला लहान आकडा घेतला तरी आपल्या कुठल्याही वाळवंटाची त्याच्याशी तुलना होत नाही.

हे ऐकल्यावर बाबांनी शंका काढली, "त्या लोखंडात निकेल आहे म्हणून गंजत नसेल." मलाही आधी तसंच वाटलं होतं. निकेलने थोडा फरक पडतो हे खरं. पण हेच लोखंड-निकेलचे अशनी पृथ्वीवर आले की व्यवस्थित गंजतात. क्लोरीनचे क्षार आत शिरले तर संग्रहालयाच्या काचेच्या कपाटातसुद्धा त्यांचे पोपडे निघतात. आपल्या जवळचं उदाहरण लोणारचं. बुलढाणा जिल्ह्यातलं हे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये तयार झालं, आणि मंगळावरची विवरं समजून घेण्यासाठी जगभरचे अभ्यासक तिथे येतात. पण ज्याने ते विवर केलं, त्याचा एकही तुकडा तिथे मिळालेला नाही. आघाताच्या उष्णतेने बहुतेक भाग वितळून आणि वाफ होऊन गेला. जे काही कण उरले असतील ते दख्खनच्या पावसाच्या ताब्यात गेले. तेव्हा मुख्य फरक लोखंडाचा नाही, गावाचा आहे.

याचं महत्त्व काय

कुणी म्हणेल, कोट्यवधी किलोमीटरवरचा एक तुकडा किती गंजला याच्याशी आपल्याला काय करायचं आहे? मला दोन कारणं दिसतात. एक, मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा शोधायच्या तर कुठे शोधायच्या हे यावरून ठरतं. व्हिक्टोरियाच्या परिसरातले दगड सांगतात की ते पडल्यापासून तिथला पृष्ठभाग भयंकर कोरडा आहे. मग अलीकडच्या ओलाव्याच्या आशेने उघड्या मैदानात भटकण्यापेक्षा खाली, आडोशाला, किंवा फार जुन्या तळ्यांच्या गाळात पाहावं. आणि त्याच वेळी ब्लॉक आयलंडच्या खोबणी सांगतात की 'अजिबात पाणी नाही' असंही म्हणू नका. थेंबभर होतं, कधीमधी होतं.

दुसरं कारण माझ्या घरातलं आहे. जुलैमधल्या त्या दोन दिवसांत मला बाबांची फार काळजी वाटली होती. बावीस वर्षांची नोकरी आणि सांगायला हातात कागद नाही, फक्त गंजलेला एक तुकडा. तो तुकडा बोलला, कारण तो वाचणारा माणूस समोर होता. मंगळावर हजर राहून पाऊस, बर्फ, वारा पाहणारं कुणी नाही. तिथेही फक्त तुकडेच आहेत, आणि त्यांना विचारायचे प्रश्न तेच आहेत: गंज कुठे आहे, कुठे नाही, आणि आधी काय झालं.

अपॉर्च्युनिटीशी शेवटचा संपर्क १० जून २०१८ ला झाला. त्या वर्षीच्या मोठ्या धुळीच्या वादळात त्याला सूर्यप्रकाश मिळेना. ४५ किलोमीटरहून जास्त चाल करून तो आता तिथेच उभा आहे. त्याचं फुटलेलं कवच हीट शील्ड रॉकच्या शेजारी पडलेलं आहे. बाकी सगळे अशनी कधी पडले ते अंदाजाने सांगावं लागतं. या एका तुकड्याची तारीख मात्र पक्की आहे, २५ जानेवारी २००४. पुढे कधी कुणी तिथे पोचलं, तर त्यांच्यासाठी हा तारीख घातलेला टेस्ट बार तयार आहे.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तेल मारलं होतं का त्याला?"

मी म्हटलं, "नाही."

"मग बरं," ते म्हणाले. "खरं काय ते कळेल."